मोठ्या ड्राइव्हची लहान ड्राइव्हवर प्रत

प्रत तयार करण्याच्या कोणत्याही साधनाकडून एकच अपेक्षा असते : मुळात जे आहे ते प्रतीत जसेच्या तसे उतरावे. प्रतीसाठी घेतलेली जागा मुळाएवढी किंवा मुळाहून मोठी असेल तर ही अपेक्षा सहज पुरी होते. परंतु ३२ गिगाबाइटच्या यूएसबी ड्राइव्हवर असलेली लिनक्सची चालती व्यवस्था १६ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर न्यायची झाली, की अडचण उभी राहते. मोठ्या ड्राइव्हवर प्रत्यक्षात नऊ-दहा गिगाबाइटच मजकूर असतो. हिशेबाने तो लहान ड्राइव्हवर सुखाने मावायला हवा. तरीही प्रत करणारी आज्ञा अर्ध्या वाटेवर थांबते, आणि जी प्रत हाती येते ती चालत नाही.

ही अडचण यंत्राच्या दोषातून आलेली नसते. भांडे आणि भांड्यातील वस्तू यांतला फरक यंत्राला कळत नाही, एवढेच तिचे मूळ आहे. तो फरक माणसाने ध्यानात घेतला आणि कामाचा क्रम नीट पाळला, तर मोठ्यातून लहानात प्रत करणे अवघड नाही. क्रम चुकला तर मात्र प्रतच नव्हे, मूळही गमावण्याची वेळ येते.

क्षमता आणि मजकूर

लिनक्समध्ये हुबेहूब प्रत करण्यासाठी जी आज्ञा सर्वांत अधिक वापरली जाते तिचे नाव ‘डीडी’. ही लिनक्सपेक्षा बरीच जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ साली प्रसिद्ध केला. ‘डीडी’ मात्र १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आली होती. त्या काळी चुंबकीय फितींवरील माहिती एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावी लागे. त्यामुळे येणाऱ्या माहितीचा अर्थ काय, हे या आज्ञेला ठाऊक असण्याची गरज नव्हती. पहिल्या बाइटपासून सुरुवात करून शेवटच्या बाइटपर्यंत जे सापडेल ते उचलायचे आणि दुसरीकडे मांडायचे, एवढेच तिचे काम. आजही ती तेवढेच करते.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्यांत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. पुढे या जोडणीवर चालणाऱ्या छोट्या ड्राइव्ह बाजारात आल्या. त्यांच्यावरील जागा संगणकाला क्रमांक दिलेल्या सेक्टरांच्या लांबलचक रांगेसारखी दिसते. एक सेक्टर सामान्यतः ५१२ बाइटांचा असतो. ‘डीडी’च्या दृष्टीने ही सगळी रांग सारखीच. त्यातील कोणत्या सेक्टरात पत्रव्यवहार आहे, कोणता रिकामा आहे, कोणत्यात पूर्वी पुसलेल्या फाइलीचे अवशेष पडून आहेत, याचा ती भेद करत नाही. म्हणूनच ३२ गिगाबाइटची ड्राइव्ह तिला सदैव भरलेलीच वाटते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट असे मानतात. संगणकाच्या अनेक आज्ञा मात्र दोनाच्या घातांकात मोजतात. त्यांच्या मोजणीत एक एकक १,०७,३७,४१,८२४ बाइटांचे होते, आणि त्याला गिबीबाइट म्हणतात. त्यामुळे वेष्टनावर १६ गिगाबाइट लिहिलेली ड्राइव्ह संगणकात १४.९ गिबीबाइट, किंवा त्याहून किंचित कमीच दिसते. शिवाय एकाच आकड्याची छापील ग्वाही देणाऱ्या दोन कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये सेक्टरांची संख्या सारखी असेलच असे नाही. ‘१६ ची १६ वर’ प्रत करतानाही काही वेळा शेवटी जागा अपुरी पडते ती यामुळे. वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नये. सेक्टर मोजून घ्यावेत.

तीन थर

ड्राइव्हवरील रचना तीन थरांची असते. सर्वांत बाहेर ड्राइव्ह स्वतः : सेक्टरांची ठरावीक लांबीची रांग. तिच्या आत विभाग. कोणता विभाग कोणत्या सेक्टरापासून कोणत्या सेक्टरापर्यंत आहे, याची नोंद विभाग-तक्त्यात असते. प्रत्येक विभागाच्या आत फाइल-व्यवस्था. फाइलींची नावे, त्यांचे मालक आणि त्यांचा मजकूर कोणत्या ठोकळ्यांत ठेवला आहे, हे तीच जाणते. लिनक्समध्ये या कामासाठी ‘एक्स्ट४’ ही फाइल-व्यवस्था फार प्रचारात आहे. २००८ सालापासून ती लिनक्सच्या गाभ्याचा स्थिर भाग आहे.

या तीन थरांचे नाते एखाद्या ग्रंथालयावरून समजून घेता येईल. लांबलचक दालन, त्यात ओळीने मांडलेली कपाटे, आणि दाराशी असलेली सूची. प्रत्येक सूचिपत्रावर पुस्तकाच्या कपाटाचा क्रमांक. पुस्तके थोडी आहेत, पण ती दालनभर विखुरलेली आहेत. काही दाराजवळ, काही अगदी टोकाला. ‘एक्स्ट४’ही मजकूर असाच विभागभर पसरून ठेवते. आता हे दालन मध्ये भिंत घालून निम्मे करायचे ठरले. ग्रंथपालाने आधी पलीकडच्या कपाटांतील पुस्तके अलीकडे आणली, सूचिपत्रांवरचे क्रमांक दुरुस्त केले आणि मग गवंड्याला बोलावले, तर एकही पुस्तक हरवणार नाही. गवंडी आधी आला तर निम्मी पुस्तके भिंतीपलीकडे राहतील, आणि सूची मात्र ती जागेवर असल्याचेच सांगत राहील.

येथे पुस्तके हलवून सूची दुरुस्त करणे म्हणजे फाइल-व्यवस्था आकसणे, आणि भिंत घालणे म्हणजे विभागाची सीमा अलीकडे आणणे. यावरून या कामाचा मुख्य नियम निघतो : आकसताना आतून बाहेर जावे, वाढवताना बाहेरून आत यावे. आकसताना आधी फाइल-व्यवस्था, मग विभाग, मग ड्राइव्ह. वाढवताना आधी विभाग, मग फाइल-व्यवस्था. पुढील सारी कृती या एका नियमाचा विस्तार आहे.

मुळाला हात न लावता

हा नियम पाळूनही एक धोका उरतो. मूळ ड्राइव्हवरच आकसण्याचे काम सुरू केले आणि मध्येच वीज गेली, तर मूळच बिघडते. संगणकाच्या तबकडीवर पुरेशी मोकळी जागा असेल तर तो टाळण्याचा मार्ग सोपा आहे : मूळ ड्राइव्हची संपूर्ण प्रत आधी एका फाइलीत उतरवावी आणि पुढची सगळी काटछाट त्या फाइलीवर करावी. मूळ ड्राइव्ह काढून बाजूला ठेवावी.

(आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत, संगणकाला त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्या लागतात.)

प्रथम ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यावी. ती जोडलेल्या सर्व ड्राइव्ह, त्यांचे आकार आणि विभाग दाखवते. ड्राइव्ह जोडण्यापूर्वी एकदा आणि जोडल्यानंतर एकदा ही यादी पाहिली, की कोणते नाव कोणत्या ड्राइव्हचे हे निःशंकपणे कळते. ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी ही नावे जोडण्याच्या क्रमाप्रमाणे बदलू शकतात. काल ‘एसडीबी’ होती ती आजही तीच असेल असे गृहीत धरू नये. ‘डीडी’ला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : ‘आयएफ’ म्हणजे कोठून वाचायचे आणि ‘ओएफ’ म्हणजे कोठे लिहायचे. या दोहोंची अदलाबदल झाली तर रिकामी ड्राइव्ह भरलेलीवर लिहिली जाते. आज्ञा काही विचारत नाही, थांबवत नाही, आणि लिहिलेले परत फिरत नाही. आज्ञा टंकून झाल्यावर ती देण्यापूर्वी ही दोन नावे पुन्हा वाचण्यात जाणारे अर्धे मिनिट वाया जात नाही.

प्रत घेण्यापूर्वी मूळ ड्राइव्हचे सगळे विभाग ‘यूमाउंट’ने सोडवावेत. वापरात असलेल्या विभागाची प्रत घेतली तर पहिले पान जुने आणि शेवटचे नवे, अशी विसंगत प्रत हाती येते. मूळ ड्राइव्ह वाचतानाच अडखळत असेल तर ‘डीडी’ऐवजी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. खराब सेक्टर बाजूला ठेवून ती आधी चांगला भाग उतरवून घेते.

आकड्यांतील उदाहरण

उदाहरणादाखल मोठ्या ड्राइव्हवर ६,२५,००,००० सेक्टर आहेत आणि लहान ड्राइव्हवर ३,०५,००,००० आहेत असे मानू. मोठ्या ड्राइव्हवर दोन विभाग आहेत. पहिला ५१२ मेबीबाइटांचा, संगणक सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचा. तो २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरापासून सुरू होतो. दुसरा ‘एक्स्ट४’चा, १०,५०,६२४ व्या सेक्टरापासून जवळजवळ ड्राइव्हच्या टोकापर्यंत. आकसायचा आहे तो हा दुसरा.

फाइलीत उतरवलेली प्रत ड्राइव्हसारखी हाताळता यावी म्हणून ‘लोसेटअप’ ही आज्ञा वापरतात. विभाग शोधण्याचा पर्याय तिला दिला, की फाइलीतील विभाग ‘लूप०पी१’ आणि ‘लूप०पी२’ अशा नावांनी दिसू लागतात. आता दुसऱ्या विभागावर ‘ई२एफएससीके’ ही आज्ञा ‘एफ’ या पर्यायासह चालवावी. फाइल-व्यवस्था निर्दोष आहे की नाही, हे ती तपासते. ही तपासणी झाल्याखेरीज पुढची आज्ञा आकसण्याचे काम हाती घेत नाही, आणि ते योग्यच आहे. सूचीत चुका असताना पुस्तके हलवू नयेत.

त्यानंतर ‘रिसाइझ२एफएस’ला मोठ्या ‘पी’ या पर्यायाने किमान लागणारा आकार विचारावा. उत्तर ठोकळ्यांत मिळते. ते २४,००,००० आले आणि ठोकळा ४,०९६ बाइटांचा असला, तर सुमारे ९.२ गिबीबाइट जागा अपरिहार्य आहे असा अर्थ होतो. नेमक्या किमान आकारापर्यंत आकसण्याची गरज नसते. येथे ११ गिबीबाइट हा आकार सोयीचा होईल. तो आकडा देऊन ‘रिसाइझ२एफएस’ चालवले, की पलीकडचे ठोकळे अलीकडे येतात आणि नोंदी दुरुस्त होतात.

आता विभागाची सीमा. तो ११ ऐवजी १२ गिबीबाइटांचा करावा. मोजणीतील एखादी चूक फाइल-व्यवस्थेच्या शेपटीवर येऊ नये, म्हणून ही एका गिबीबाइटाची मोकळीक. १२ गिबीबाइट म्हणजे २,५१,६५,८२४ सेक्टर. विभाग १०,५०,६२४ पासून सुरू होत असल्याने त्याचा शेवटचा सेक्टर २,६२,१६,४४७ हा होईल. ‘पार्टेड’ या साधनाच्या ‘रिसाइझपार्ट’ आज्ञेला हा क्रमांक सेक्टरांत द्यावा. माहिती नष्ट होण्याची शक्यता असल्याचा इशारा ते देते. फाइल-व्यवस्था आधीच आकसलेली असल्यामुळे येथे होकार देण्यास हरकत नसते. क्रम उलटा झाला असेल तर मात्र हाच थांबण्याचा शेवटचा क्षण होय.

आता उतरवण्याजोगा भाग किती, हे निश्चित झाले. शून्यापासून २,६२,१६,४४७ पर्यंत म्हणजे २,६२,१६,४४८ सेक्टर. एका मेबीबाइटात २,०४८ सेक्टर असतात. भागाकार नेमका १२,८०१ येतो. लहान ड्राइव्ह जोडावी, तिचे विभाग सोडवावेत, आणि ‘डीडी’ला ठोकळ्याचा आकार एक मेबीबाइट व संख्या १२,८०१ सांगून फाइलीतून लहान ड्राइव्हवर लिहावे. संख्या सांगितल्यामुळे ‘डीडी’ उपयोगाचा भाग संपताच थांबते, आणि पलीकडची रिकामी जागा उतरवण्याच्या भरीस पडत नाही. ‘सिंक’ ही आज्ञा संपेपर्यंत ड्राइव्ह काढू नये, कारण लिहिलेले दिसत असले तरी काही भाग संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असतो.

टोकाची नोंद

या टप्प्यावर पुष्कळदा निराशा पदरी येते. प्रत पूर्ण होते, पण लहान ड्राइव्ह पुन्हा जोडली असता लिनक्सला तिच्यावर एकही विभाग दिसत नाही. प्रत फसली असे समजून काम सोडून देण्याची ही वेळ नव्हे.

विभाग-तक्ते दोन प्रकारचे असतात. जुना, एमबीआर नावाचा, ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरात सामावलेला असतो. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी राखलेले असतात. तो वापरला असेल तर येथे काही करावे लागत नाही. नवा, जीपीटी नावाचा तक्ता मात्र दोन जागी ठेवला जातो : एक ड्राइव्हच्या आरंभी आणि दुसरा, राखीव म्हणून, ड्राइव्हच्या अगदी शेवटच्या सेक्टरांत. आरंभीच्या तक्त्यात राखीव तक्त्याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि कोणत्या सेक्टरापर्यंत विभाग करता येतील हेही. मोठ्या ड्राइव्हवरून आलेला तक्ता सहा कोटींच्या पुढचे क्रमांक सांगतो, आणि लहान ड्राइव्ह तर तीन कोटींवरच संपते. आपल्या सीमेबाहेरचे पत्ते सांगणारा तक्ता लिनक्सचा गाभा ग्राह्य मानत नाही. म्हणून विभाग दिसत नाहीत. मजकूर मात्र जागेवरच असतो.

यावर उपाय ‘जीडिस्क’ या साधनात आहे. लहान ड्राइव्हवर ते चालवून तज्ज्ञांसाठी असलेल्या सूचीत ‘एक्स’ अक्षराने जावे, ‘ई’ने राखीव तक्ता नव्या टोकाशी न्यावा, ‘व्ही’ने तपासावे आणि ‘डब्ल्यू’ने लिहावे. पत्ते नव्या आकारास अनुरूप होतात आणि ड्राइव्ह काढून पुन्हा जोडली की दोन्ही विभाग दिसू लागतात.

पडताळणी आणि विस्तार

‘जीडिस्क’ने तक्ता बदलण्यापूर्वी एक तपासणी उरकून घेणे इष्ट, कारण नंतर मूळ व प्रत यांत हेतुपुरस्सर फरक पडलेला असतो. लहान ड्राइव्ह एकदा काढून पुन्हा जोडावी, म्हणजे वाचन स्मृतीतून न होता खरोखर ड्राइव्हवरून होईल. मग ‘सीएमपी’ या आज्ञेने फाइल आणि ड्राइव्ह यांचे पहिले १३,४२,२८,२१,३७६ बाइट ताडून पाहावेत. आज्ञा काही न बोलता संपली तर दोन्ही तंतोतंत जुळतात. फरक दाखवला तर बहुधा ड्राइव्ह सदोष असते. वेष्टनावर मोठी क्षमता लिहून प्रत्यक्षात लहान स्मृती बसवलेल्या बनावट ड्राइव्हही बाजारात आढळतात. त्यांचा खोटेपणा अशा ताडणीत उघड होऊ शकतो.

तक्ता दुरुस्त झाल्यावर लहान ड्राइव्हवरील उरलेली जागा उपयोगात आणता येते. आता नियमाची दुसरी बाजू लागू होते : बाहेरून आत. ‘पार्टेड’ने दुसऱ्या विभागाची सीमा ३,०४,९९,९६६ व्या सेक्टरापर्यंत न्यावी, त्यापुढचे ३३ सेक्टर राखीव तक्त्याचे असतात. मग ‘ई२एफएससीके’ने तपासणी करून ‘रिसाइझ२एफएस’ आकार न सांगता चालवावे. फाइल-व्यवस्था आपोआप विभाग भरून टाकते.

अखेरची परीक्षा म्हणजे लहान ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहणे. त्या वेळी मोठी ड्राइव्ह जोडलेली नसावी. हुबेहूब प्रतीत फाइल-व्यवस्थेचा ओळख-क्रमांकही उतरलेला असतो, आणि लिनक्स विभाग ओळखते ते बहुधा याच क्रमांकाने. दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी जोडल्या तर नव्यावरून सुरू झाल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात जुन्यावरचाच विभाग वापरला जात असतो. अशी परीक्षा व्यर्थ होय.

फाइलींचा मार्ग

वरील रीत प्रत्येक प्रसंगी योग्य असतेच असे नाही. ड्राइव्हवर केवळ लेख, छायाचित्रे वा ध्वनिमुद्रणे असतील, तर एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. लहान ड्राइव्हवर नवी फाइल-व्यवस्था करून फाइली नेहमीप्रमाणे उतरवाव्यात. काही फाइल-व्यवस्था आकसण्यास अनुकूल नसतात. एक्सएफएस ही वाढवण्यासाठी बनलेली आहे. तिच्याबाबत आकसण्याचा मार्ग धरू नये. अशा वेळी लहान ड्राइव्हवर आधी योग्य आकाराचे विभाग करून ‘आरसिंक’ या आज्ञेने मालकी, परवानग्या आणि दुवे यांसह फाइली उतरवतात. मात्र नव्या फाइल-व्यवस्थेचा ओळख-क्रमांक नवा असतो. त्यामुळे ‘एफस्टॅब’ या फाइलीतील जुना क्रमांक बदलावा लागतो, आणि संगणक सुरू करणारी ग्रब ही आज्ञावली पुन्हा बसवावी लागते.

फाइलींच्या मार्गाचा आणखी एक गुण आहे. ‘डीडी’च्या प्रतीत पुसलेल्या फाइलींचे अवशेषही उतरू शकतात, आणि योग्य साधनांनी ते वाचता येतात. प्रत दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर केवळ हव्या त्या फाइली नव्या जागी उतरवणे अधिक सुरक्षित.

कोणताही मार्ग घेतला तरी लहान ड्राइव्हवरून संगणक सुरू होऊन काही दिवस काम सुरळीत चालेपर्यंत मोठी ड्राइव्ह पुसू नये, आणि तबकडीवरील प्रतीची फाइलही काढू नये.